वर काढलेलं धुराडं

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस घरात एकच असला की त्याला कोणी टोकत नाही. आमच्या अमरावतीच्या घरात तो एकटा मी होतो. वडील वकील, काका वकील. आजोबांनी म्हणे भिक्षुकी सोडून कोर्ट धरलं होतं, ते घराण्याने पुढे सोडलं नाही. त्यात मी नागपूरहून विज्ञान शिकून आलो आणि हायस्कूलात मास्तर झालो. त्यामुळे दिवा गेला, घड्याळ थांबलं, विहिरीवरचा पंप पाणी ओढेना, की मला हाक येई. मी गंभीर चेहऱ्याने जाऊन ती वस्तू उघडत असे, आणि दोन दिवसांनी बाजारातून माणूस बोलवावा लागे. तरी माझा मान कमी होत नसे. मास्तरालाही जमलं नाही म्हणजे बिघाड मोठाच असला पाहिजे, असं सगळे म्हणत.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, हाही वकिलीत रमला नाही. लढाईनंतर डिस्पोजलात, म्हणजे लष्कराच्या लिलावात, निघालेला एक ट्रक त्याने घेतला होता. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्यात डिझेलचं बसवलेलं. हिवाळ्यात अंजनगाव सुर्जीच्या व्यापाऱ्यांचा कापूस अकोल्याच्या जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, न्यायचा, बाकीच्या दिवसांत मिळेल तो माल. वडील त्या ट्रकचा उल्लेख ‘ते वाहन’ असा करत, आणि पाहुण्यांसमोर मुळीच करत नसत.

ट्रक चालवायला एक वस्ताद होते. ड्रायव्हरला आमच्याकडे वस्तादच म्हणत. ते हिवरखेडचे, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे, अंगात नेहमी खाकी शर्ट. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी आणि त्यांच्या बायकोने दीक्षा घेतली होती. ट्रकच्या काचेवर बुद्धाचं लहानसं चित्र होतं. दादाला त्याचं काही नव्हतं. आईला होतं, पण ती बोलून दाखवत नसे. फक्त त्यांच्या चहाची कपबशी वेगळी ठेवी. मी पुरोगामी होतो. म्हणजे ती वेगळी कपबशी मला पटत नसे, आणि हे मी माझ्या मित्रांना सांगत असे.

वस्तादांची बायको नॉर्मल स्कूलात होती. लग्नानंतर सातवी झालेली, आणि आता प्राथमिक शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग चाललेलं. वस्तादांनी अमरावतीची नोकरी धरली ती तिच्यासाठीच. नोकरीबरोबर आमच्या आवारात, ट्रक उभा राहायचा तिथली एक खोली त्यांना मिळाली होती. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि खोली गेली तर बाई हिवरखेडला परत, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला. परीक्षेला चार महिने राहिले होते. हे सगळं मला माहीत होतं. इथेच सांगून ठेवतो, म्हणजे माहीत नव्हतं असं पुढे म्हणायची सोय राहणार नाही.

वस्तादांची एक सवय होती. सकाळी इंजिन सुरू केलं की ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काडीला रुईचा पांढरा पुंजका गुंडाळत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरत. मनात दहापर्यंत मोजत. मग पुंजका उजेडात नेऊन पाहत, बोटांनी चोळत, हुंगत. “एक नोझल गळून राह्यलं,” म्हणत, नाहीतर “गाडी ऑइल खाऊन राह्यली.” मिस्त्रीने इंजिन उघडलं की तसंच निघे.

मला ते पाहवत नसे. विसावं शतक अर्धं उलटून गेलं आणि यंत्राची परीक्षा नाकाने! मी धूरमापक बनवायला घेतला. पावडरचा लांबट डबा दोन्हीकडून कापला. मधोमध समोरासमोर दोन खिडक्या पाडून त्यांना काचा बसवल्या. एका खिडकीशी हातातली बॅटरी, दुसरीशी माझा डोळा. धुरातून उजेड किती अंधूक दिसतो, त्यावर एक ते दहा अंक. डबा सायलेन्सरच्या तोंडाला अडकवून मी आठ दिवस रोज नोंदी घेतल्या. पहिल्या दिवशी चार आला. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवसापासून दहा, दहा आणि दहा. इंजिन गुदमरतंय हे विज्ञानाने सिद्ध झालं. डब्याच्या काचांवर काजळी साचत होती आणि मी त्या पुसत नव्हतो, हे माझ्या लक्षात फेब्रुवारीत आलं. ही हकिगत जानेवारीतली आहे.

त्याच आठ दिवसांत वस्तादांचे पुंजके फिकट राखाडी येत होते. “गाडी बरी हाय मास्तर,” ते म्हणाले. मी त्यांना नोंदींची वही दाखवली. त्यांनी ती आदराने पाहिली आणि परत दिली.

इंजिन का गुदमरतंय याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. सायलेन्सर म्हणजे एक डबा. त्याच्या आत लोखंडी पडदे असतात. धूर त्यांच्यावर आपटत जातो आणि आवाज मरतो. पण त्यामुळे इंजिनावर उलटा दाब येतो, असं मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं. ते वाचनालयाचं होतं आणि मुदत संपली. तेवढ्या अर्ध्यावर मी योजना आखली. आतले पडदे काढून टाकायचे. शिवाय धुराचा पाइप ट्रकच्या पोटाखालून मागे जातो, तो केबिनमागून उभा वर न्यायचा, म्हणजे रस्त्याने पायी जाणाऱ्यांच्या तोंडात धूर जाणार नाही. त्या दिवसांत माझं समाजाकडे फार लक्ष असे.

दादा तेव्हा वहिनीच्या माहेरच्या लग्नाला भुसावळला गेला होता. जाताना “ट्रककडे लक्ष ठेव” एवढं म्हणाला होता. मी इतकं लक्ष ठेवेन असं त्याला वाटलं नसावं.

“मास्तर, धुराडं वर काहून काढता?” वस्तादांनी विचारलं. “वर त कापूस रायते.”

मी घरातून उदबत्ती आणली आणि ट्रकच्या पायरीवर खोचून पेटवली. बाई खोलीच्या दारात पुस्तक घेऊन बसल्या होत्या, त्याही पाहू लागल्या.

“गरम हवा हलकी असते,” मी म्हणालो. “ती वर जाते. कापूस खाली, धूर वर. दोघांची गाठच पडत नाही.”

धूर सरळ वर गेला. मी हात झटकले.

“आन् गाडी चालली त?” बाईंनी विचारलं.

विज्ञानात आधी वस्तू स्थिर धरतात, गुंतागुंतीचं नंतर पाहतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

“नंतर म्हंजे अकोल्याले का?” असं म्हणून त्या आत गेल्या.

“दादासायब आले का इचारू,” वस्ताद म्हणाले. मी म्हणालो, दादाने सगळं माझ्यावर सोपवलंय. मालकाचा भाऊ, वर शिकलेला, त्याच्यापुढे वस्ताद बोलणार किती? ते गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले.

मिस्त्रीने पडदे कापून काढले, सायलेन्सर हातोड्याने ठोकून ठोकून सरळ केला, पाइप वळवून केबिनमागे उभा जोडला. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पाइपचं तोंड जरा मागे कललेलं असावं, ही सूचना माझी. जानेवारीत. मागे कललेलं म्हणजे कापसाकडे कललेलं, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघांपैकी दोघांना दिसत होतं. गाडी आवारात आणून सुरू केली तेव्हा असा आवाज झाला की वडील पक्षकाराला तसंच सोडून गॅलरीत आले. मी त्यांना खालून हाताने खुणावलं की चिंता नको.

रविवारी अंजनगावला माल भरला. एका व्यापाऱ्याने राखून ठेवलेला पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस, फळ्यांच्या वर हातभर चढलेला. मीही बरोबर होतो. वस्ताद वरून ताडपत्री बांधू लागले, तर मी ती काढायला लावली. एक तर तिचं वजन, आणि तिच्यात वारा भरला की गाडीला ओढ बसते. आपण ओढ कमी करायला निघालो आहोत ना?

अकोटावरून अकोल्याकडे निघालो. गाडी खरंच हलकी चालत होती की आवाजाने तसं वाटत होतं, हे आजही सांगता येणार नाही. मी उलट्या दाबाबद्दल बोलत होतो. वस्तादांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटत होतं की आज हे किती लक्षपूर्वक ऐकताहेत. दोनदा त्यांनी खिडकीबाहेर डोकं काढून मागे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिल्यावर गाडी हळू करून माझ्या कानाशी ओरडले, “मास्तर, एकडाव थांबून पाहू का?” मी घड्याळाकडे बोट दाखवलं. अकोल्यातच पाहू.

जिनिंगच्या आवारात सगळीकडे रुई उडत असते, एक ठिणगी पडली तरी पुरे. म्हणून फाटकावर अशी रीत होती की पहारेकरी प्रत्येक ट्रकच्या धुराड्यावर तारेची जाळी बसवी आणि मगच गाडी आत सोडी. आमची पाळी आली. पहारेकरी सवयीने जाळी घेऊन ट्रकखाली वाकला. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

“धुराडं कुठं गेलं बे याचं?”

मी खिडकीतून ऐटीत वर बोट दाखवलं. त्याने वर पाहिलं. मग धुराड्याच्या मागे पाहिलं. मग जाळी हातात तशीच धरून त्याने ग्रेडरला, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्या गृहस्थांना, हाक मारली.

मी खाली उतरून पाहिलं. पुढचा कापूस काळा होता, मधला करडा, शेवटचा मळकट. हातोड्याने ठोकलेल्या सायलेन्सरमधून कित्येक वर्षांची काजळी सुटी झाली होती आणि ती सगळी अंजनगावपासून त्या कापसावर पडत आली होती. ग्रेडरांनी हात कोपरापर्यंत आत घालून बाहेर काढला. पंजा तव्याच्या बुडाला पुसल्यासारखा झाला होता. रांगेतले गाडीवाले बैल सोडून पाहायला जमले.

तेवढ्यात दादा आला. तो भुसावळहून येता येता अकोल्याला उतरला होता, व्यापाऱ्याच्या मुनीमाला घेऊन टांग्याने सरळ फाटकावर आला. त्याने कापूस पाहिला, धुराडं पाहिलं.

“हे कोणी केलं?”

वर्गात, सभेत, घरी जेवताना, जिथे मला कोणी विचारत नाही तिथे मी उत्तर देत असतो. इथे विचारलं होतं. मी पहारेकऱ्याच्या हातातली जाळी निरखू लागलो. चांगली जाळी होती. बारीक विणीची.

वस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “गाडी माह्या हातात होती.”

दादा त्यांना नेहमी ‘तुम्ही’ म्हणे. त्या दिवशी मुनीमासमोर तो ‘तू’वर आला. “तुले अक्कल नाही का बे? उद्यापासून गाडीवर येऊ नको. आठ दिवसांत खोली रिकामी कर.” गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “अशा माणसाच्या हातात पांढरा माल द्या तरी काहून?” वस्तादांनी किल्ली दादाच्या हातात दिली आणि ते एसटीच्या रस्त्याला लागले. मी दादाबरोबर थांबलो. मुनीमाची समजूत घालताना मधूनमधून मानही हलवली.

त्यानंतर दोन दिवस मी काय केलं ते लिहितो. पहिल्या दिवशी ठरवलं की दादाचा राग शांत होऊ द्यावा, मग सांगू. दुसऱ्या दिवशी राग शांत झाला, तेव्हा वाटलं, आता कशाला उकरून काढायचं? शाळेत त्या दिवशी मुलांनी प्रयोगाच्या नोंदी खऱ्या लिहाव्यात, यावर अर्धा तास बोललो. घरी येताना आवारात पाहिलं तर बाई पायरीवर पाठाच्या टाचणाची वही घेऊन बसल्या होत्या आणि मागे वस्ताद पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होते. भांड्यांचा आवाज झाला की बाई थांबत, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत. मला लाज वाटली. हे वाक्य थोडं विनोदाने लिहायचा मी बराच प्रयत्न केला, जमलं नाही.

मी तसाच दादाच्या खोलीत गेलो आणि सांगितलं.

“ठाऊक आहे,” दादा म्हणाला. “मिस्त्रीने कालच सांगितलं. तू कधी सांगतो ते पाहून राहिलो होतो.”

मी माझ्या ठरवण्यात होतो आणि दादा माझी परीक्षा घेण्यात. त्यात वस्तादांचे दोन दिवस पेटी भरण्यात गेले, हे आम्हा दोघाही भावांना सुचलं नाही. मला तर हायसं वाटलं. वाटलं, चला, सुटलो.

“जा, बोलाव त्यांना,” दादा म्हणाला. वस्ताद पुन्हा ‘त्यांना’ झाले होते.

पेटीला दोरी बांधून झाली होती. मी माफी मागितली. माफी मागतानाही मी जरा लांबवलीच. मुद्दे निघत गेले. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

“दादासायबाले सांगतलं, बरं केलं,” ते म्हणाले. “पण मले का घरात काढलं होतं? मले फाटकावर काढलं. सगळ्या गाडीवाल्यायनं पायलं. उद्या तुमची गाडी नाई राह्यली, त मले पांढरा माल कोण देईन?”

“मग मी काय करू?”

उत्तर बाईंनी दिलं. “फाटकावर सांगा मास्तर. तुमाले बोलता त चांगलंच येते.”

बाई त्या उन्हाळ्यात त्याच खोलीतून परीक्षेला गेल्या आणि पास झाल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण फाटकावरचं सांगितल्यावर मला पुढे काही बोलायचं राहत नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वस्तादांबरोबर निघालो. नवा सायलेन्सर बसवला होता, पाइप पुन्हा पोटाखाली गेला होता, कापसावर ताडपत्री होती. गाडी आता शांत चालत होती, माझं बोलणं त्यांना ऐकू आलं असतं. पण मलाच काही सुचेना.

फाटकावर गाड्यांची रांग लागली होती. पहारेकरी तोच, ग्रेडर तेच. आमची पाळी आली तशी वस्तादांनी इंजिन बंद केलं. मी पायरीवर उभा राहिलो, दाराला धरून.

“मागच्या रविवारी कापूस काळा झाला,” मी म्हणालो, “त्यात यांचा दोष नव्हता. धुराडं वर काढायचं ठरवलं ते यांनी नाही.”

“पण वर काढलं काहून?” ग्रेडरांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता प्रश्न आलाच होता. “त्याचं असं आहे,” मी म्हणालो, “गरम हवा असते हलकी, आणि इंजिनावर जो उलटा दाब...” माझा हात वर गेला होता आणि बोटाने हवेत आकृती काढायला सुरुवातही झाली होती.

वस्तादांनी आतून हात लांब करून माझी बाही धरली. “मास्तर, काहून ते राहू द्या. कोणं केलं, तेवढंच सांगा.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हात खाली घेतला.

“मी केलं.”

माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी ते सांगितलं नाही. रांगेच्या मागून कोणीतरी ओरडलं, “ऐकू नाई आलं, कोणं केलं?” मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. कोणी हसलं, कोणी तंबाखू मळू लागलं. पहारेकऱ्याने वाकून जाळी बसवली आणि वस्तादांना हाताने खूण केली, “घ्या वस्ताद, आत घ्या.” मी केबिनमध्ये चढू लागलो, तर त्याने मला थांबवलं. आत फक्त गाडीची माणसं सोडत असत. मी वस्तादांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. मी खाली उतरलो, आणि गाडी परत बाहेर येईपर्यंत फाटकाशी उभा राहिलो.